हत्यार ठरवलेल्या फावड्याची कैफियत

मित्रांनो, कोर्टाच्या एका कागदात माझा उल्लेख ‘लोखंडी हत्यार’ असा केलेला आहे. ते खोटं आहे, म्हणून आधी माझी खरी ओळख करून देतो. मी बर्फ काढायचं फावडं आहे, आणि बरंच जुनं आहे. माझं पातं अ‍ॅल्युमिनियमचं, दांडा लाकडाचा. लोखंड माझ्यात असेल तर पातं आणि दांडा धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांपुरतं. आमचं गाव अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेचं, लोखंडाच्या खाणींचं. इथल्या शाळकरी पोरालाही लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांतला फरक हातात घेताच कळतो. ज्याने तो कागद लिहिला, त्यालाही कळत होता.

मला आर्ने निएमीने घडवलं. खाणीतून निवृत्त झाल्यावर त्याला हातांचं काय करावं ते समजेना, म्हणून तो गॅरेजमध्ये काही ना काही करत बसायचा. माझा दांडा तासताना तो मधेच डोळे मिटायचा आणि लाकडावरून तळवा फिरवायचा. जिथे टोचेल तिथे पुन्हा तासायचा. त्याची बायको लेम्पी कॉफीचा कप आणून ठेवायची आणि काही न बोलता निघून जायची. त्या घरात बोलणं कमीच होतं. मला ते आवडायचं. पण त्याच गॅरेजमध्ये त्याने एक स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडीही बनवली होती, आणि तिला त्याने निळा रंग दिला. मला दिला नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली पहिली भावना हेव्याची होती, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

पुढे आर्नेच्या मुलाचं, डेलचं लग्न झालं. सून आली तिचं नाव मारित. दोघांनी त्याच रस्त्यावर, चार घरं सोडून घर घेतलं. पहिल्या हिवाळ्यात आर्नेने मारितला अंगणात बर्फ काढताना पाहिलं आणि संध्याकाळी मला घेऊन त्यांच्याकडे गेला.

“हे तुझं,” तो मारितला म्हणाला. “तू बर्फ उचलत नाहीस, ढकलतेस. कंबर टिकेल तुझी.”

डेल हसला. “बाबा, मी तुमचा मुलगा. आणि फावडं हिला?”

“फावडं आहे रे, सिंहासन नाही. तुला दुकानातलं आणू.”

सगळे हसले, डेलही हसला. पण मी तेव्हा त्याच्या समोरच भिंतीला टेकून उभा होतो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला चांगली ओळखीची होती. निळ्या स्लेजकडे मी तसाच पाहायचो.

मारितचे हात फार चांगले होते. दोन्ही हातांची पकड सारखी, श्वास एका लयीत. आर्ने वारल्यानंतर ती लेम्पीच्या दारासमोरची वाटही साफ करू लागली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाची वाट साफ करायची ती तो उठायच्या आत, आणि केल्यावर चकार शब्द काढायचा नाही. त्यानेही आभार मानायचे नाहीत. आभार मानले की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. कुणी पकडलंच, तर “इकडून जातच होते” एवढं म्हणून पुढे व्हायचं. उजाडायच्या आधी आम्ही दोघं जायचो, वाट मोकळी करायचो, परत यायचो. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ. शेजारच्या वर्नाकडे बर्फ उडवायचं मोठं मशीन होतं, ते धुरळा करत, बोंबलत चालायचं, आणि गल्लीतली मुलं खिडकीत येऊन बघायची. मला कुणी बघायला यायचं नाही. पण लेम्पीच्या पायरीच्या कडेचा बर्फ काढायला त्या मशीनला जमत नव्हतं, ते मलाच जमत होतं. मी तेवढ्यावर समाधान मानत होतो. नव्हतो खरं तर.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं.

“आईच्या दारात एवढा वेळ?” डेल विचारायचा. “कोण भेटतं तिथे?”

“बर्फ भेटतो,” मारित म्हणायची.

सुरुवातीला ती हे हसून म्हणायची. मग न हसता म्हणू लागली. मग तिने उत्तर देणंच सोडलं. वर्नाच्या पायऱ्या साफ केल्या तरी तो घड्याळ बघायचा. इंगा जन्मली तेव्हा मुलीला जास्त वेळ मांडीवर घेतलं तरी त्याला ते सोसेना. मी त्याला दोष देताना जरा अडखळतो. दुसऱ्याकडे गेलेलं प्रेम आपल्यातून काढून नेलंय असं वाटणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. इंगासाठी लाल प्लास्टिकचं इवलंसं फावडं आणलं आणि ते हीटरजवळ ठेवायला लागले, तेव्हा मी थंडीत कुढत उभा असायचो. पण मी कुणाच्या बोटांवर दार लावलं नाही.

त्याने लावलं. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. मी ते पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला आणि नंतर बराच वेळ काहीच ऐकलं नाही. पुढच्या बर्फाला मारितने मला धरलं तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं माझ्याभोवती वळेनात. ती दांड्यावर नुसती टेकून राहिली. मला तिच्याकडून सगळं समजायचं ते असं, हातांतून.

मग ती कोर्टात गेली. डेलने तिला भेटायचं नाही आणि तिच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही असा आदेश निघाला. घटस्फोट झाला. इंगा आईकडे राहिली, शनिवारी तो तिला महिला केंद्रात, तिथल्या बाईंच्या समोर भेटू लागला. तो दुसऱ्या गावी राहायला गेला. मला वाटलं, आता मारित पूर्ण माझी. कसलं काय. आता तिच्या हातात फोन असायचा. दार लावलं की फोन, गाडीचा आवाज आला की फोन, कुलूप दोनदा ओढून बघितलं की पुन्हा फोन. त्या चपट्या, निरुपयोगी वस्तूला ती उशीखाली घेऊन झोपायची.

लेम्पीची वाट मात्र आम्ही सोडली नाही. मुलाचं आणि आपलं बिनसलं म्हणून त्याच्या आईने बर्फात घसरून पडावं, असं मारितला वाटत नव्हतं.

या जानेवारीत मोठा बर्फ पडला. दोनदा आम्ही जाऊन आलो. तिसऱ्या वेळी वाट अर्धी झाली होती, आणि मारित एकदम थांबली. गॅरेजच्या बाजूला ताडपत्रीखाली बर्फ उडवायचं एक कोरं करकरीत मशीन उभं होतं, आणि त्याच्या मागे डेलचा ट्रक. तो आईच्या तळघरात राहायला आला होता आणि कुणालाच पत्ता नव्हता. मारितने एरवीसारखं मला खांद्यावर टाकलं नाही. छातीशी घट्ट धरलं आणि घर येईपर्यंत मागे पाहिलं नाही. तळघराच्या खिडकीतून फोनचा प्रकाश एकदा चमकला, तो मी पाहिला. मशीन चांगलं होतं, हेही मी पाहिलं.

काही दिवसांनी पोलिसांचा माणूस आला. मारितच्याच वर्गात होता तो. बूट न काढता माझ्या खोलीतच उभा राहिला, म्हणजे बूट-कोट ठेवायच्या मागच्या दाराच्या खोलीत.

“आत ये की, कॉफी घे,” मारित म्हणाली.

“नको. बर्फ सांडेल.” त्याने कागद पुढे केला. “मारित, मला फार वाईट वाटतंय. हे डेलकडून आहे. तू त्याला त्रास देतेस म्हणून त्याने अर्ज केलाय. जजने तात्पुरता आदेश दिलाय, त्याच्या घराजवळ जायचं नाही.”

तिने उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. “‘तीन वेळा पहाटेच्या अंधारात माझ्या घरासमोर आली. दबा धरून उभी राहिली. हातात लोखंडी हत्यार होतं.’” ती थांबली. मग माझ्याकडे वळली. “हे?”

पोलिसानेही माझ्याकडे पाहिलं. “माझ्या घरी पण असंच फावडं आहे,” तो खाली बघत म्हणाला.

मित्रांनो, खरं सांगू? मारित तो कागद पुन्हा वाचत होती, आणि मला मात्र क्षणभर वाटलं की चला, कुणीतरी माझ्याबद्दल काहीतरी लिहिलं. मग ‘लोखंडी’ हा शब्द डोक्यात गेला आणि मी चिडलो. पुढचं समजायला मला वेळ लागला.

संध्याकाळी वर्ना आली. ती पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. अर्ध्या गावाला तिने वाढलंय, त्यामुळे बोलताना कुणाची भीड ठेवत नाही.

“मग काय करणार आहेस?”

“काही नाही,” मारित म्हणाली. “त्याच्या घरी जायचं नाही एवढंच लिहिलंय. मला तरी कुठे जायचंय? कशाला तमाशा? राहू दे तो कागद.”

“राहू दे?”

“वर्ना, तुम्हाला माहितेय ना, कोर्टात उभं राहायचं, सगळ्या गावासमोर. मला नाही जमत. मी कुणाला त्रास दिला नाही, हे मला माहितेय.”

“तुला माहितेय. फारच छान. मग जजला स्वप्नात कळेल.”

ही आमच्या गावाची जुनी खोड आहे. दात दुखला तर ‘फार नाही दुखत’, घर जळलं तर ‘भिंती उभ्या आहेत’. आपल्यामुळे कुणाची गैरसोय नको. मारितही त्यातलीच. तो कागद घडी करून खणात टाकायचा आणि आदेशाची दोन वर्षं मुकाट्याने काढायची, असंच तिने ठरवलं होतं. वर्नाने तिच्याच फोनवरून महिला केंद्राच्या बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पहिल्यांदा त्या फोनचा मला उपयोग झाला.

“ऐक,” त्या बाई म्हणाल्या. “तू सुनावणी मागितली नाहीस तर हा आदेश तसाच कायम होतो. मग तो इंगाच्या ताब्यासाठी पुन्हा अर्ज करेल. म्हणेल, ‘माझ्यावर आदेश आहे तसा तिच्यावरही आहे. दोघं सारखेच.’ त्याला तुझी भीती वाटत नाहीये, मारित. त्याला फक्त तुम्ही दोघं सारखे दिसायला हवे आहात.”

मारितने आत पाहिलं. आतल्या खोलीत इंगा टीव्हीबरोबर गात होती, सूर सोडून.

“उत्तर द्यायला किती दिवस असतात?” तिने विचारलं.

“थोडे. उद्याच दे.”

वर्नाने पर्स उचलली. “आणि त्यात लिही, वर्नाच्या दारातही ही बाई हत्यार घेऊन येते. मी अजून जिवंत आहे.”

सुनावणी लॅपटॉपवर होती. इंगा वर्नाकडे गेली होती. मारितने लॅपटॉप स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराचं कुलूप दिसत राहावं म्हणून मधलं दार उघडं टाकलं. त्यामुळे मलाही पडद्याचा एक कोपरा दिसत होता. डेल त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. दिसायला तो माझ्याहून कितीतरी चांगला, हे मान्य करायला हवं. जज पिकल्या केसांची बाई होती. तिच्या मागच्या खिडकीबाहेरही बर्फ पडत होता.

डेल छान बोलला. मला झोप लागत नाही म्हणाला. खिडकीबाहेर सावली दिसली की घाम फुटतो म्हणाला. अंधारातला एक फोटो दाखवला, त्यात मारित होती आणि तिच्या छातीशी मी. मी चांगला आलो नव्हतो.

जज मारितला म्हणाली, “तुमच्या हातात काय आहे ते?”

“बर्फाचं फावडं.”

“आता कुठे आहे?”

“मागच्या खोलीत, बाईसाहेब.”

“मला बघू द्या.”

मित्रांनो, मी त्या घरात इतकी वर्षं काढली पण स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मारितने मला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. जजने चष्मा पुढे सरकवला.

“डावा कोपरा जास्त झिजलाय.”

“हो. हल्ली ते त्या बाजूला कलतं. माझा डावा हात नीट वळत नाही.”

“का?”

मारित नेहमीसारखं ‘काही विशेष नाही’ म्हणेल असं मला वाटलं. दांड्यावर तिच्या डाव्या हाताची पकड घट्ट झाली. तीन बोटांची.

“गेल्या मार्चमध्ये दारात सापडला. दार डेलने लावलं. तुमच्याकडे आधीच्या आदेशाचे कागद आहेत, त्यात डॉक्टरांचं लिहिलेलं आहे. मी लेम्पीची वाट साफ करायला जात होते. डेल तिथे राहतो हे मला माहीत नव्हतं. कळलं त्या दिवशी अर्धी वाट तशीच टाकून आले. आजवर अर्धी वाट मी कधी टाकली नव्हती.”

तिने एवढं लांब बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

“खोटं आहे,” डेल म्हणाला. “तिला यायची गरजच काय? माझ्याकडे नवीन मशीन आहे. आईची वाट मीच साफ करतो.”

“त्या तिन्ही दिवशी तुम्हीच केलीत?” जजने विचारलं.

“अर्थात. मशीनने. रोज सकाळी.”

माझं काम त्या ताडपत्रीखालच्या कोऱ्या मशीनच्या नावावर चढलं. हेव्याने माझं पातं तापलं असतं तर मारितचे हात भाजले असते.

आणि तेवढ्यात डेलच्या पडद्याबाहेरून एक आवाज आला. “नाही.”

डेलने मान वळवली. “आई, तू बोलू नकोस.”

“कोण आहे तिथे?” जज म्हणाली. “समोर या.”

लेम्पी समोर आली. लोकरीचं जाकीट, हातात कप पुसायचं फडकं. तिला शपथ घ्यायला लावली, ती तिने फडकं न सोडता घेतली.

“त्याने नाही काढला बर्फ,” ती म्हणाली. “तो उठतो तेव्हा पोस्टमन येऊन गेलेला असतो. मशीनमध्ये पेट्रोल नाही अजून.”

“मग कोणी काढला?”

“हिने. तीन नाही, कितीतरी हिवाळे. येते म्हणून मी बाहेरचा दिवा लावून ठेवते.”

आम्हाला वाटायचं तो दिवा रात्रभर जळतच असतो. मारितने मला टेबलाला टेकवलं आणि तोंडावर हात ठेवला.

“हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?” जजने विचारलं.

लेम्पीने फडक्याची घडी घातली. “कुणी विचारलं नाही. आणि अशा गोष्टी बोलत नाहीत.” मग ती डेलकडे वळली, आवाज न चढवता. “बाकीचं तू काय काय म्हणालास ते मी ऐकून घेतलं. आई आहे. पण दुसऱ्याने काढलेला बर्फ मी काढला म्हणायचं? तुझा बाप असता तर काय तोंड दाखवलं असतंस?”

मारितची बोटं मोडली तेव्हाही ही बाई गप्प होती. त्याचा मला राग आहे, अजून आहे. पण आमच्याकडची माणसं कुठल्या गोष्टीवर तोंड उघडतील, ते आधी सांगता येत नाही.

जजने अर्ज फेटाळला. तात्पुरता आदेश रद्द झाला, आणि डेलवरचा आदेश तसाच राहिला. इंगाच्या बाबतीत पुढे जे काही व्हायचं ते डेलवरच्या त्याच आदेशाच्या आधाराने झालं. इंगा आईकडेच आहे, शनिवारची भेट केंद्रातच होते.

पण मित्रांनो, लेम्पीच्या वाटेवर मी पुन्हा गेलो नाही. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, त्याला आता कसलंही निमित्त देऊ नकोस. हल्ली तिथे वर्ना आपलं बोंबलणारं मशीन घेऊन जाते. पायरीच्या कडेला बर्फ तसाच राहत असणार. मला इथूनही कळतं. मी काही करू शकत नाही, आणि पहाटे ते मशीन तिकडून येताना ऐकू आलं की माझा जळफळाट होतो.

गेल्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. मारितने आधी खिडकीतून पाहिलं, मग दोन्ही कुलपं काढली. लेम्पी होती. मुलगा घरात असताना, भर उजेडात, सगळ्या गल्लीच्या खिडक्यांसमोरून ती चालत आली होती.

“इकडून जातच होते,” ती म्हणाली. “इंगा आहे?”

“आहे. या.”

लेम्पीने बूट काढले, कोट काढला आणि माझ्या वरच्या खुंटीला अडकवला. आत जाण्याआधी तिने माझ्या दांड्यावरून अंगठा फिरवला, लाकूड जिथे कोरडं पडून फाटायला लागलंय तिथे थांबली.

“याला जवसाचं तेल लाव,” ती मारितला म्हणाली. “आर्ने दर वसंतात लावायचा. नाहीतर हाताला लागेल.”

“लावते.”

एवढंच बोलणं झालं. मग आतून कपांचा आवाज, इंगाचा आवाज, खुर्ची ओढल्याचा आवाज. मला कुणी आत नेलं नाही.

मित्रांनो, हेवा माझ्यात पुरेपूर आहे. तो जाईल असं मला वाटत नाही. पण मी तो इथे कोपऱ्यात सांभाळतो, कुणाच्या दारावर नेऊन आपटत नाही. तुम्हालाही वाटेल कधीतरी, तेव्हा एवढं करा. आणि ज्या वस्तूने तुमची वाट मोकळी केली तिला वापरून झाल्यावर पुसून ठेवा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. माणसांचंही बघा. शेजारच्या घरात कुणाची बोटं वळेनाशी झाली, तर कुणी विचारायची वाट बघू नका. आणि कुणी तुमच्याबद्दल खोटं लिहून पाठवलं, तर भिडेखातर गप्प बसू नका. वेळेत उत्तर द्या.

लेम्पीच्या कोटाच्या खिशातला फोन माझ्या दांड्याला लागून थरथरायला लागला. थांबला, पुन्हा थरथरला.

“लेम्पी, तुमचा फोन,” मारित आतून म्हणाली. “डेल असेल.”

“असेल,” लेम्पी म्हणाली. “कॉफी आहे का अजून?”